लहान मुलें, सायकल आणि शिरस्त्राण



ता. १३ मे १९३५ रोजीं इंग्लंडांतील डॉर्सेट परगण्यांत एक मोटारसायकलस्वार वेगानें चालला होता. पुढें सायकलींवर दोन मुलगे होते. रस्त्याच्या उतारामुळें ते त्यास वेळेवर दिसले नाहींत. त्यांना चुकवितांना तो फेकला गेला आणि मस्तकास जबर दुखापत होऊन सहा दिवसांनीं मरण पावला. तो स्वार म्हणजे विख्यात टी. ई. लॉरेन्स. त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हतें. त्याच्या उपचारार्थ आलेल्या वैद्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. त्यांनीं पुढें अशा दुखापतींचा अभ्यास करून १९४१ सालीं शिरस्त्राणाचें महत्त्व सांगणारा निबंध प्रसिद्ध केला.

मुलांच्या सायकलीस तेवढा वेग कोठला, असें कोणी म्हणेल. परंतु डोकें फरशीवर आपटावयास मोठा वेग लागत नाहीं. सायकलीच्या उंचीवरून पडणेंहि पुरतें. शिरस्त्राणाच्या, म्हणजे हेल्मेटच्या, आंतील हलका थर स्वतः चेपतो आणि आघाताचा जोर स्वतःवर घेतो. म्हणून एकदां जोराचा आघात सोसलेलें हेल्मेट वरून धड दिसलें तरी पुन्हां वापरूं नये. तें भुंवयांच्या वर दोन बोटें, सपाट बसावें. मागें कलंडूं नये. पट्टा हनुवटीखालीं बांधलेला असावा. 'मोठेपणीं येईल' म्हणून सैल हेल्मेट घेणें हा अंगरख्यापुरता ठीक असलेला हिशेब येथें घातक ठरतो.

तथापि हेल्मेट पडल्यावर उपयोगी. न पडण्याची विद्या वेगळी, आणि ती शाळेच्या मैदानावर शिकवावी. खडूची सरळ रेघ आंखून मुलानें तीवरून सायकल न्यावी. मग तोल न जाऊं देतां मागें वळून पाहावें, एक हात सोडून वळण्याची खूण करावी, दोन्ही ब्रेक मिळून दाबावे. हें अंगवळणी पडल्याखेरीज रस्ता दाखवूं नये. रस्त्यावर डावी बाजू धरावी, आणि लॉरेन्सच्या त्या प्रसंगावरून एक गोष्ट मनांत पक्की करावी, कीं मागून येणाऱ्यास आपण दिसतों, असें कधींहि गृहीत धरूं नये.

ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया राज्यानें १ जुलै १९९० पासून सायकलस्वारांस हेल्मेट सक्तीचें केलें. भारताच्या मोटार वाहन कायद्यांतील सक्ती मोटारसायकलस्वारांपुरती आहे. सायकलीवरील मूल तींत येत नाहीं. जेथें कायदा थांबतो, तेथें घराचें कर्तव्य सुरू होतें. परंतु वडिलांचें हेल्मेट स्कूटरच्या आरशास अडकलेलें असतां मुलास केलेला उपदेश वाऱ्यावर जातो. मूल कानांनीं थोडें आणि डोळ्यांनीं पुष्कळ शिकतें. घरांतून निघतांना दोघांनींहि आपापला पट्टा बांधावा; पाठ तेथेंच पूर्ण होतो.