तान्ह्या लेकराचा वाटा



गाय व्याली म्हणजे तिचा चीक आधी वासराच्या तोंडी जातो, खरवसाचा विचार मागाहून. वासराला चिकावाचून ठेवणाऱ्या शेतकऱ्यास गावात कोणी शहाणा म्हणणार नाही. पण त्याच शेतकऱ्याच्या घरी बाई बाळंत झाली की कोठे कोठे पहिले पिवळे दूध वाईट म्हणून पिळून टाकतात, आणि लेकराला गुळाचे पाणी नाहीतर घुटी चाटवितात! वासराला कळते ते आपणांस कळू नये काय? वारल्यांचे लग्न लावावयासही भट लागत नाही, धवलेरी बाई लावते. मग लेकराच्या हक्काच्या दुधाला मुहूर्त कशाला? जन्मल्यापासून तासाभरात बाळ अंगावर घ्यावे. पुढे सहा महिने दुसरे काही नको, उन्हाळ्यात पाणीही नको, कारण आईच्या दुधात बहुतेक पाणीच असते.

"दूधच येत नाही," असे पुष्कळ बाया सांगतात. विहीर उपसावी तसा झरा वाहतो, त्यातला हा प्रकार आहे. बाळ जितके ओढील तितके दूध उतरते. ओढणे थांबले की आटते. बाळाने नुसते बोंड धरले तर आईला दुखते आणि बाळ उपाशी राहते. तोंड मोठे उघडवून खालचा काळा भागही तोंडात जाऊ द्यावा, हनुवटी आईच्या अंगाला टेकावी. एक बाजू पुरी रिकामी होऊ द्यावी, कारण शेवटच्या दुधात स्निग्धांश अधिक. पहिला आठवडा सरल्यावर दिवसरात्रीत सहा वेळा मुतले, आणि वजन वाढत असले, तर दूध पुरते असे समजावे. मग सासूबाईंनी वरचे दूध आणावयाची घाई करू नये.

परंतु सारा दोष अज्ञानावर ढकलणे हा शहरी शहाण्यांचा आवडता धंदा आहे, तो आम्हांस मान्य नाही. आईला बाळ पाजावयास वेळ कोण देतो? १९४५ साली तलासरीजवळ झरी येथे वारली मंडळी जमली, गोदावरी व शामराव परुळेकर यांच्याबरोबर उभी राहिली, आणि सावकाराची वेठ मोडली. वेठ गेली, पण तिच्या जागी उचल आली. भात कापून झाले की उचल घेतलेली कुटुंबे वीटभट्टीवर जातात. तेथे मजुरी हजार विटांच्या हिशेबाने, जोडीला मिळून. बाई पाजावयास बसली की विटा कमी पडतात. म्हणून लेकरू झोळीत रडते आणि आई चिखलात राबते. २०१५ साली सरकारने आदिवासी भागात गरोदर व पाजणाऱ्या आईकरिता अंगणवाडीतून एक वेळचे पुरे जेवण सुरू केले. पण बाई भट्टीवर गेली की ते ताट गावातच राहते.

कायदा नाही असे नाही. १९२८ साली बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात कामकरी बाईच्या बाळंतपणाच्या रजेचा पक्ष घेतला, आणि १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. १९६१ च्या कायद्याने मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या दिवसात दोन वेळा पाजण्याची सवड दिली; २०१७ साली पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. पण ठेकेदाराच्या वहीत नाव नवऱ्याचे. बाई कायद्याला दिसतच नाही!

घरातल्या पुरुषांस आम्ही विचारतो, पाणी आणणे, लाकूडफाटा, थोरल्या पोरांना सांभाळणे ही कामे सहा महिने तुम्ही अंगावर घेतलीत तर काय बिघडेल? नुसत्या पेजेवर बाळंतीण ठेवू नका. नागलीची भाकर, डाळ, भाजी, मिळेल तर मासळी तिच्या ताटात पडू द्या.

यंदा ठेकेदार उचल घेऊन दारी येईल, तेव्हा पैसे मोजून घेण्याआधी चौघांसमोर बोलून घ्या: बाईचे नाव वहीत वेगळे लिहिणार की नाही, भट्टीजवळ सावलीचे छप्पर कोठे घालणार, आणि पाजावयाच्या वेळेचे पैसे कापणार काय?