वाटेत पाडलेले अण्वस्त्र : भीती किती, सत्य किती?

(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



7 मे 2025 रोजी देशात नागरी संरक्षणाचा सराव झाला. त्यासाठी केलेल्या सरकारी यादीत मुंबई आणि उरण यांच्याबरोबर तारापूरचे नाव पहिल्या वर्गात होते. डहाणू-तलासरीच्या माणसाला तारापूर परके नाही. 1969 पासून तेथे अणुशक्तीवर वीज तयार होते. म्हणूनच त्या दिवसांत मुलांच्या मनात एक प्रश्न येणे स्वाभाविक होते. शत्रूचे अण्वस्त्र घेऊन येणारे क्षेपणास्त्र आपल्या सैन्याने वाटेतच पाडले, तर आतला बॉम्ब आपल्याच डोक्यावर फुटणार नाही का? मग पाडून उपयोग काय?

या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक घरात माहीत असले पाहिजे, असे मला वाटते.

अणुबॉम्ब हा फटाका नव्हे. ठिणगी पडली की उडाला, असे त्याचे नसते. आतल्या प्लुटोनियमच्या गोळ्याभोवती साधी स्फोटके बसवलेली असतात. ती सर्व बाजूंनी एकाच क्षणी पेटली, तरच गोळा चोहोबाजूंनी सारखा दाबला जातो आणि अणुस्फोट होतो. हा क्षण सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतका बारीक असतो. आपल्या घोलवडचा पिकलेला चिकू घ्या. एका बाजूने ठोसा मारला तर तो लहान होत नाही, फुटून गर चहूकडे उडतो. क्षेपणास्त्रावर बाहेरून आघात झाला की तसेच घडते. यंत्रणा मोडते, स्फोटके जळतात किंवा एका बाजूने फुटतात आणि धातू विखुरतो. शहर जाळणारा अणुस्फोट मात्र सहसा होत नाही.

ही केवळ कल्पना नाही. 17 जानेवारी 1966 रोजी स्पेनमधील पालोमारेस गावावर अमेरिकेची दोन विमाने आकाशात एकमेकांवर आदळली आणि चार हायड्रोजन बॉम्ब खाली आले. दोन बॉम्बमधील साधी स्फोटके जमिनीवर आदळून फुटली, पण अणुस्फोट झाला नाही. मात्र प्लुटोनियमची धूळ शेतांवर पसरली आणि सुमारे 1400 टन माती उचलून अमेरिकेत न्यावी लागली. चौथा बॉम्ब समुद्रात पडला होता. तो कुठे पडला हे एका स्थानिक मच्छीमाराने नीट पाहून ठेवले होते आणि त्याची साक्ष शोधात मोलाची ठरली. आपल्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार बांधवांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. डोळसपणे पाहणाऱ्या माणसाचे ज्ञान कुठल्याही पदवीहून कमी नसते.

आता आकाशातील गोष्ट. दूर पल्ल्याचे क्षेपणास्त्र अवकाशातून जाताना सेकंदाला सुमारे सात किलोमीटर धावते. डहाणूहून तलासरीला जायला त्याला चार-पाच सेकंद पुरे. त्याला पाडले तरी तुकडे जागच्या जागी थांबत नाहीत. ते पुढेच जात राहतात. काही वातावरणात जळतात, काही खाली पडतात. म्हणून जितक्या उंचीवर आणि जितक्या दूर अडवता येईल तितके बरे. नोव्हेंबर 2006 मध्ये भारताने बंगालच्या उपसागरावर सुमारे 50 किलोमीटर उंचीवर एक क्षेपणास्त्र पाडून दाखवले. लक्ष्य म्हणून सोडले होते ते पृथ्वी जातीचे क्षेपणास्त्र, म्हणजे डॉ. अब्दुल कलाम यांच्या नेतृत्वाखाली 1983 साली सुरू झालेल्या कार्यक्रमाचेच फळ. रामेश्वरमच्या एका नावाड्याच्या मुलाने शिक्षणाच्या बळावर गाठलेली ही मजल आपल्या मुलांनी विसरू नये.

परंतु यावरून निश्चिंत होऊ नका. आघात होताच फुटावा अशी योजना बॉम्बमध्ये करता येते. तसे अवकाशात झाले तर खाली घरे पडणार नाहीत, पण विजेची यंत्रे बिघडू शकतात. 1962 साली अमेरिकेने प्रशांत महासागरावर 400 किलोमीटर उंचीवर स्फोट केला, तेव्हा सुमारे 1400 किलोमीटर दूर असलेल्या हवाई बेटांवर रस्त्यावरचे काही दिवे बंद पडले होते. शिवाय एकाच वेळी अनेक क्षेपणास्त्रे आली तर प्रत्येक अडवता येईलच, अशी हमी जगातील कोणताही देश देऊ शकत नाही.

तेव्हा आपण काय करावे? पडलेल्या तुकड्याला हात लावू नये. मे 2025 मध्ये पंजाबातील शेतांत क्षेपणास्त्रांचे अवशेष सापडले होते. त्यांत अण्वस्त्र नव्हते, तरी न फुटलेला दारूगोळा जीव घेतो. लांब राहावे, मुलांना लांब ठेवावे, पोलिसांना कळवावे. किरणोत्सर्गाचा इशारा मिळाला तर घरात जावे, दारे-खिडक्या लावाव्यात. प्लुटोनियमचे किरण कातडीतून आत जात नाहीत, पण धूळ श्वासातून आत गेली तर घातक ठरते. आणि मोबाइलवर आलेली बातमी खातरजमा केल्याशिवाय पुढे पाठवू नये. सूरह हुजुरातमध्ये आपल्याला हीच शिकवण दिलेली आहे. अफवेने झालेली पळापळ शत्रूचे निम्मे काम करते.

शेवटी एक आशेची गोष्ट. 31 डिसेंबर 1988 रोजी भारत आणि पाकिस्तान यांनी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. 1992 पासून दर 1 जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांच्या याद्या एकमेकांना देत आले आहेत. युद्ध झाले, बोलणी तुटली, तरी हा रिवाज चालू राहिला. आकाशात क्षेपणास्त्र अडवणे हा शेवटचा उपाय आहे. ते सुटूच नये ही व्यवस्था कागदावर, शब्दाने आणि शहाणपणाने होते. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी क्षेपणास्त्र अडवणारा शास्त्रज्ञ व्हावा, आणि कोणी असा करार लिहिणाराही व्हावा, अशी माझी दुआ आहे.

खुदा हाफिज.