मासे सोडावे, पण कोणत्या नदींत?



ज्या उलव्यास मी राहतों, तेथली नदी नव्या विमानतळाकरितां वळविण्यांत आली. २०२५ च्या ऑक्टोबरांत विमानतळाचें उद्‌घाटन झालें. माणसांची सोय झाली ह्यांत संशय नाहीं. परंतु पाणी वळविलें कीं त्यांतल्या माशांची वाटहि मोडते, आणि ती मोडलेली आपणांस दिसत नाहीं.

इंग्रजांस ट्राउट माशाचा शोक फार. १९०० च्या सुमारास त्यांनीं विलायतेहून त्याचीं अंडीं काश्मिरांत आणविलीं. पुढें निलगिरीवर अव्हॅलांच येथें तीं उबविण्याची सोय केली. थंड पाण्याचा हा मासा कोंकणांत तगावयाचा नाहीं. गळाशीं झुंजणारा आपला मासा म्हणजे महाशीर. ह्या रायगड जिल्ह्यांतच, महाडजवळ काळ नदीच्या वाळणकोंडींत, तो देवीचा म्हणून राखलेला आहे. भाविक चुरमुरे टाकतात व हां हां म्हणतां मोठमोठे मासे वर येतात.

पावसाळ्यांत महाशीर प्रवाहाविरुद्ध चढून वरच्या ओढ्यांत, खडीच्या तळावर अंडीं घालतो. मध्यें धरण आलें कीं ही यात्रा खुंटली. लोणावळ्यास टाटांनीं विजेकरितां वळवण, शिरवटा वगैरे तलाव बांधिले. १९१५ त खोपोलीचें वीजगृह चालू झालें. त्याच टाटांच्या कंपनीनें १९७० च्या सुमारास वळवण येथें निळ्या परांच्या महाशिराचें बीजकेंद्र काढिलें. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी व श्री. एस. एन. ओगले ह्या दोघांनीं तेथें फार चिकाटीनें काम केलें. रोहू किंवा कटला लाखांनीं अंडीं देतो, महाशीर हजारांनींच. अंडें पिवळसर आणि जड. तळाशीं बसून तें फुटावयास तीन-चार दिवस लागतात, आणि तेवढा वेळ त्यावरून स्वच्छ पाणी वाहत राहिलें पाहिजे. हीं अंडीं ओल्या कापसांत घालून दूरवर पाठवितां येतात, हें ह्या जोडीनें दाखवून दिलें.

ह्याच सोयीनें वळवणचें बीज कावेरीपर्यंत पोहोंचलें. कावेरीचा स्वतःचा महाशीर होता, पाठीस कुबड असलेला, अंगानें फार मोठा. बाहेरचा आला तो फोफावला. घरचा मात्र दिसेनासा होऊं लागला. २०१८ मध्यें शास्त्रज्ञांनीं ह्या कुबड्या महाशिराचें शास्त्रीय नांव टॉर रेमादेवी असें ठरविलें, आणि त्याच वर्षीं त्याची नोंद अत्यंत संकटग्रस्त म्हणून झाली. धरणें, वाळूचा उपसा, सुरुंगानें केलेली मासेमारी हींहि कारणें आहेत. सगळा दोष पाहुण्याच्या माथीं मारणें न्यायाचें नव्हे. वळवणच्या मंडळींचा हेतु तर निर्मळच होता. तरीपण घर गेलें तें गेलेंच.

आतां व्यवहाराकडे वळूं. कोणत्याहि बीजकेंद्राचे हौद व नळ कधींतरी दुरुस्तीस काढावे लागतात. अमेरिकेंतील राज्यांत सरकार ट्राउट वाढवून ओढ्यांत सोडतें. तेथें दुरुस्तीच्या काळांत मासे नेहमींपेक्षां लौकर व लहान सोडतात, कमी सोडतात, नाहींतर दुसऱ्या केंद्राकडून आणवितात. आपल्याकडे जिरे आणि बोटुकली हा भेद कोळी जाणतात. जिऱ्याएवढें पिलूं सोडणें म्हणजे मोठ्या माशांस जेवूं घालणें. बोटाएवढें झालेलें पुष्कळ तगतें. म्हणून हौद रिकामे करावयाचे तर पिलें बोटुकली झाल्यावर, हंगाम पाहून करावे. परक्याकडून बीज आणणें हा मार्ग सर्वांत सोपा, आणि मला तोच सर्वांत धोक्याचा वाटतो. आणलेलें बीज कोणत्या नदीचें, हें विचारावयास त्या घाईंत कोणास सवड असते?

एक वर्ष कांहींच सोडलें नाहीं तर गळवाले कुरकुरतील. कुरकुरूं द्यावें. पुढल्या पावसाळ्यांत त्याच नदीच्या मादीचें बीज मिळालें तर तें सोडावें. न मिळालें तर आणखी एक पावसाळा थांबावें.