झिकोची दुसरी पाळी

(गणेशोत्सवातील व्याख्यान-संध्येत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



रेल्वेच्या कारखान्यात चाके आणि ॲक्सल यांच्या संगतीत ज्याची वीस वर्षे गेली, त्याने इथे उभे राहून ब्राझीलच्या फुटबॉलपटूवर बोलावे, हे थोडे विचित्र वाटेल. त्यातही आपण खरगपूरला, म्हणजे बंगालात राहतो. इथला पानवालासुद्धा माझ्यापेक्षा जास्त फुटबॉल जाणतो. पण मी आज खेळाविषयी कमी आणि खेळ संपल्यावरच्या नोकरीविषयी जास्त बोलणार आहे, आणि त्या बाबतीत आपल्या कॉलनीतल्या प्रत्येक घराला काही ना काही अनुभव आहे.

आमच्या शॉपमध्ये एक जुनी म्हण पडून गेली आहे. उत्तम टर्नरला बढती देऊन सुपरवायझर केला की त्याच दिवशी एक चांगला टर्नर कमी होतो. सुपरवायझर मिळाला की नाही, ते वर्षभराने कळते. कारण हात थांबत नाहीत. शिकाऊ पोराचे लेथवर जरा चुकले की हा त्याला बाजूला सारतो आणि स्वतः हँडल धरतो. काम सुंदर होते, पोरगा मात्र कोराच राहतो. फुटबॉलच्या प्रशिक्षकाला तर हँडल धरायचीही सोय नाही. त्याने रेषेबाहेर उभे राहायचे आणि आतल्या अकरा जणांकडे बघत बसायचे.

काहींना ते जमते. आपले पी. के. बॅनर्जी पाहा. रेल्वेचा माणूस! १९५८ मध्ये ईस्टर्न रेल्वेने कलकत्ता लीग जिंकली तेव्हा ते त्या संघात होते. मोहन बागान किंवा ईस्ट बंगालकडून ते कधी खेळले नाहीत, पण पुढे दोन्हींचे प्रशिक्षक म्हणून गाजले. ब्राझीलचा दीदी, १९५८ आणि १९६२ चा विश्वविजेता, १९७० च्या विश्वचषकात पेरूचा प्रशिक्षक म्हणून उभा राहिला आणि उपांत्यपूर्व फेरीत त्याची गाठ पडली ती ब्राझीलशीच. पेरू २-४ ने हरला. झिको याच वाटेने गेला, पण फार लांब गेला. जपान, तुर्कस्तान, उझबेकिस्तान, रशिया, ग्रीस, इराक, कतार आणि मग आपला गोवा.

तरुण मुलांसाठी थोडी ओळख करून देतो. आर्थर अंतुनेस कोईंब्रा हे त्याचे पूर्ण नाव. जन्म ३ मार्च १९५३, रिओ द जानेरो शहरातल्या किंतिनो या साध्या वस्तीत. वडील मूळचे पोर्तुगालचे. सहा भावंडांत हा शेंडेफळ, आणि अंगाने इतका किरकोळ की फ्लामेंगो क्लबने आधी त्याच्या प्रकृतीवर मेहनत घेतली. १९८१ मध्ये त्याच फ्लामेंगोने दक्षिण अमेरिकेचे विजेतेपद मिळवले आणि डिसेंबरात टोकियोला लिव्हरपूलचा ३-० असा फडशा पाडला. त्या दिवशी झिकोने स्वतः गोल केला नाही, पण सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. जपानी प्रेक्षकांनी त्याला पहिल्यांदा डोळे भरून पाहिले ते तेव्हा.

विश्वचषक मात्र त्याच्या हाती लागला नाही. १९७८, १९८२, १९८६, तिन्ही वेळा हुकला. १९८६ ला ग्वादालाहारात फ्रान्सविरुद्ध तो बदली खेळाडू म्हणून आत आला, आल्या आल्या पेनल्टी मिळाली आणि फ्रेंच गोलरक्षक बात्सने ती अडवली. पुढे पेनल्टींच्या निर्णायक फेरीत त्याने आपली बरोबर मारली, पण ते कोणाच्या लक्षात राहिले नाही.

१९९० मध्ये तो ब्राझील सरकारात खेळखात्याचा सचिव झाला. आता हा माणूस कायमचा कोट-टायमध्ये गेला असे सगळ्यांना वाटले. आणि १९९१ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, तो जपानमधल्या काशिमा नावाच्या गावी जाऊन दुसऱ्या श्रेणीच्या संघात खेळू लागला!

इथे मला थोडे रेंगाळू द्या. तो संघ होता सुमितोमो मेटल या पोलाद कंपनीचा. हे नाव आम्हा चाकवाल्यांना परके नाही. जपानच्या बुलेट ट्रेनची चाके आणि ॲक्सल याच कंपनीच्या ओसाकातल्या कारखान्यात बनत. काशिमाला त्यांचा मोठा पोलाद कारखाना, बाजूला समुद्र, आणि एक फार जुने देवस्थान, जिथे हरणे पाळतात. संघातली मुले कंपनीची नोकरदार. सकाळी कामावर, दुपारनंतर सराव. आपल्या रेल्वेच्या संघांसारखेच म्हणा ना.

जपानमध्ये तेव्हा व्यावसायिक लीग सुरू होऊ घातली होती. दहा संघ घ्यायचे होते. काशिमासारख्या आडगावच्या, दुसऱ्या श्रेणीतल्या संघाला लीगच्या अधिकाऱ्यांनी जवळजवळ नाहीच म्हटले होते. पंधरा हजार आसनांचे, छप्पर असलेले, फक्त फुटबॉलचे स्टेडियम उभारलेत तर बघू, असे सांगितले. असे सांगण्याचा अर्थ आपण सरकारी नोकरीतली माणसे बरोबर ओळखतो. पण त्या लोकांनी खरोखर स्टेडियम उभारले! संघाला नवे नाव मिळाले, अँटलर्स, म्हणजे हरणाची शिंगे.

झिकोने १९९१-९२ च्या हंगामात दुसऱ्या श्रेणीत २१ गोल केले. पण मला त्या गोलांपेक्षा त्याचे बाकीचे काम मोठे वाटते. तो त्या नोकरदार मुलांच्या मागे लागला ते बारीकसारीक गोष्टींवरून. बुटांची निगा, मैदानातल्या गवताची उंची, सामन्याआधीचे जेवण, सरावाची वेळ, हरल्यावर हसत बाहेर येणे. मुले बिचारी गांगरली असतील. संध्याकाळी बूट पुसून ठेवण्याचा आणि गोल करण्याचा संबंध काय, असे आमचे शिकाऊही विचारतात. फरक इतकाच की ते गेजविषयी विचारतात. मे १९९३ मध्ये लीग सुरू होण्याआधी हा संघ सरावासाठी इटलीत गेला, तिथे क्रोएशियाच्या संघाने त्यांना ८-१ असे चिरडले. झिको संतापला. पण १६ मे १९९३ रोजी काशिमाच्या नव्या स्टेडियममध्ये पहिला सामना झाला, समोर इंग्लंडच्या लिनेकरचा नागोया संघ, आणि काशिमाने ५-० ने जिंकला. त्यात चाळीस वर्षांच्या झिकोचे तीन गोल. लीगचा पहिला टप्पाही याच आडगावच्या संघाने जिंकला.

संत वगैरे तो नव्हता हेही सांगितले पाहिजे. जानेवारी १९९४ मध्ये लीगच्या अंतिम लढतीत काशिमाविरुद्ध पेनल्टी दिली गेली तेव्हा रागाच्या भरात तो चेंडूजवळ जाऊन थुंकला आणि त्याला मैदानाबाहेर काढले. शिस्त शिकवायला आलेल्या पाहुण्याने असे करावे, याचे जपान्यांना किती वाईट वाटले असेल! तरी त्यांनी त्याला सोडले नाही. त्याच वर्षी खेळणे थांबवल्यावर तो पुढे त्याच क्लबचा तांत्रिक संचालक झाला, आणि २००२ मध्ये, प्रशिक्षकपदाचा म्हणावा असा अनुभव गाठीशी नसताना, जपानच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक.

आता माझी छोटीशी आठवण. ८ सप्टेंबर २००४. गणपती दहा दिवसांवर आले होते. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत जपान भारताशी खेळायला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये आला. मी नोकरीत नवा होतो. आम्ही चौघे लोकलने हावड्याला उतरून तिथे पोहोचलो. जूनमध्ये जपानात आपण ०-७ हरलो होतो, म्हणून आशा ठेवलीच नव्हती. पण मध्यंतराला जपानचा जेमतेम एक गोल होता आणि गॅलरी पेटून उठली होती. तेवढ्यात दिवे गेले! खेळ बराच वेळ अडला. शेवटी आपण ०-४ हरलो. मला वरून झिको बोटाएवढा दिसत होता. शेजारचा एक म्हातारा बंगाली बाबू सबंध वेळ मैदानाकडे न बघता त्या बाकाकडेच बघत होता. मी विचारले तर म्हणाला, दादा, खेळ तर रोजच होतो, ब्यायांशी सालचा झिको रोज येत नाही.

त्या सामन्याच्या महिनाभर आधी चीनमध्ये आशियाई चषकात एक प्रसंग घडला होता. झिकोच्या आधीचा प्रशिक्षक, फ्रान्सचा त्रुसिए, मोठा कडक. कोणी कुठे उभे राहायचे हे आखून देणारा. झिकोने उलटे केले. मैदानात तुम्ही आहात, तुम्हीच ठरवा, हे त्याचे धोरण. जपानी मुलांना ते जड गेले, वृत्तपत्रांनीही टीका केली. चोंगचिंगला जॉर्डनविरुद्ध उपांत्यपूर्व सामना पेनल्टींवर गेला. जपानचे पहिले दोघे फटका मारताना टेकाच्या पायाखालची माती सरकून घसरले, दोन्ही फटके वाया. तेव्हा कर्णधार मियामोतो सरळ पंचांकडे गेला आणि म्हणाला, ही बाजू खेळण्यालायक नाही, दुसऱ्या गोलकडे चला. पंचांनी मानले! गोलरक्षक कावागुचीने मग कमाल केली आणि जपान ४-३ ने सुटला. बीजिंगला अंतिम सामन्यात चीनला ३-१ ने हरवून चषकही घेतला. बाकावरून कोणी सांगितले नव्हते. पोरगा स्वतः बोलला. झिकोच्या पद्धतीचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

आणि त्याच पद्धतीची दुसरी बाजू १२ जून २००६ ची. जर्मनीत कायझर्सलाउटर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध जपान ८४ व्या मिनिटापर्यंत १-० ने पुढे होता. ऑस्ट्रेलियाचा प्रशिक्षक हिडिंक ताजे गडी आत सोडत होता. त्याच्या केहिलने दोन आणि अलॉयसीने एक, असे तिन्ही गोल बदली खेळाडूंनीच केले, तेही शेवटच्या आठ-नऊ मिनिटांत. जपान १-३ ने गेला. पुढे क्रोएशियाशी बरोबरी, आणि शेवटी ब्राझीलकडून १-४. जपानचा झिको ब्राझीलसमोर हरला, दीदीसारखाच. अशा वेळी मुलांनी स्वतः ठरवून भागत नाही. बाकावरच्या माणसाने गणित मांडायचे असते, आणि हिडिंकने मांडले होते. माझे मत स्पष्ट सांगतो, तिथे झिको कमी पडला.

पुढे फेनरबाहचे संघाला त्याने २००७ मध्ये, क्लबच्या शताब्दी वर्षात, तुर्कस्तानची लीग जिंकून दिली आणि २००८ मध्ये युरोपच्या चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत नेले. हे काही लहान काम नाही. त्यानंतर ताश्कंद, मॉस्को, ग्रीस, कुठेच फार काळ नाही.

मग २०१४ मध्ये तो गोव्यात आला. एफसी गोवाचा पहिला प्रशिक्षक. फातोर्ड्याचे मैदान, मांडवी, मासळी-भात, आणि मंदार राव देसाई, रोमिओ फर्नांडिस अशी आपली मुले. पहिल्या वर्षी उपांत्य फेरीत कोलकात्याकडून पेनल्टींवर हार. तेव्हा आपल्या शॉपमध्ये बंगाली मित्रांनी मला संदेश खायला घातला आणि वर टोमणेही. दुसऱ्या वर्षी संघ साखळीत पहिला आला, मुंबईला तर ७-० ने धुतले. २० डिसेंबर २०१५ ला फातोर्ड्यावरच अंतिम सामना, समोर चेन्नई. ८७ व्या मिनिटाला गोव्याने २-१ अशी आघाडी घेतली. टीव्हीसमोर माझ्या मामेभावाने फणसाएवढा नारळ फोडायला घेतला होता. आणि तेवढ्या चार-पाच मिनिटांत आपल्याच गोलरक्षकाच्या हातून एक स्वयंगोल, पाठोपाठ मेंडोझाचा एक. २-३. कायझर्सलाउटर्नच पुन्हा! नारळ तसाच राहिला. २०१६ ला गोवा तळाला गेला आणि झिकोचा गोव्यातला मुक्काम संपला.

तेव्हा कोणी विचारले, झिको प्रशिक्षक म्हणून कसा, तर निकालांची वही उघडून मी 'बरा' असेच म्हणेन. शेवटच्या दहा मिनिटांचा प्रशिक्षक तो नव्हता. पण ती वही काशिमाला उघडा. तिथे २०१६ पर्यंत संघाने लीग आठ वेळा जिंकली, बहुतेक वेळा झिको बाकावर नसतानाच. खेळाडूंच्या खोलीत त्याने दिलेले तीन शब्द लावलेले आहेत: समर्पण, सचोटी, आदर. स्टेडियमजवळ त्याचा पुतळा आहे. त्याच्यानंतर ब्राझीलचे जोर्जिन्यो, लिओनार्दो असे मोहरे त्या आडगावी खेळायला गेले. एका पोलाद कारखान्याच्या अर्धवेळ संघाचे हे झाले.

२०१८ च्या उन्हाळ्यात, पासष्टीतला झिको पुन्हा तांत्रिक संचालक म्हणून काशिमाला परतला. नोव्हेंबरात संघ आशियाई चॅम्पियन्स लीगच्या अंतिम लढतीत पोहोचला. घरी इराणच्या पर्सेपोलिसला २-० ने हरवले होते, तेहरानला एक लाखाच्या आसपास प्रेक्षकांसमोर उरलेली नव्वद मिनिटे काढायची होती. शेवटची मिनिटेही आली. काशिमाने एकही गोल होऊ दिला नाही. सामना ०-० सुटला आणि क्लबचे पहिले आशियाई विजेतेपद आले. बाकावर प्रशिक्षक होता गो ओइवा, याच काशिमाचा जुना बचावपटू.

 काही विचारायचे असल्यास आरतीनंतर मी मंडपातच आहे.

गणपती बाप्पा मोरया!