भाड्याच्या फळ्या



आज तुम्ही पदवी घेता आहात. काल तुमचं प्रदर्शन पाहिलं. एका मांडणशिल्पात नवा कोरा दोरखंड चहाच्या पाण्यात उकळून जुना केला होता. रंग झकास उतरला होता, पण त्या दोरखंडाने कधी काही ओढलेलं नव्हतं, आणि ते कळत होतं. आज त्याबद्दलच बोलते.

कल्पना कशा सुचतात, असं मला विचारतात. मला आधी वस्तू दिसते. सध्या मी सेंटरिंगच्या फळ्यांमध्ये अडकले आहे. स्लॅब ओतताना खाली लावतात, त्या. त्यांच्यावर सिमेंटचे पापुद्रे असतात, खिळ्यांची भोकं असतात आणि पेन्सिलीने केलेले हिशेब: कुणाचे खाडे, कुणाची उचल, एखादा फोन नंबर. (नंबर मी खरवडून काढते, तो माणूस प्रदर्शनात यायला तयार झालेला नाही.) एवढं आधीच लिहिलेलं असताना मी वर काय रंगवणार? फळी किती उंचीवर, कुठल्या उजेडात उभी करायची, एवढंच उरतं. त्यातच दिवसच्या दिवस जातात.

वस्तूकडे अशाच वळलेल्या एक कलावंत म्हणजे शीला गौडा. त्या मूळच्या चित्रकार. 1992 नंतरच्या काळात त्यांनी रंग बाजूला ठेवून शेण हाताळायला घेतलं. ‘अँड टेल हिम ऑफ माय पेन’मध्ये त्यांनी शंभर मीटरहून लांब धागे सुयांच्या नेढ्यांतून, सुई मधोमध येईपर्यंत, ओढले, कुंकू आणि डिंक लावून त्यांचे दोर केले आणि टोकाला सुया तशाच लटकत ठेवल्या. 2009 सालच्या ‘बिहोल्ड’मध्ये गाड्यांचे बंपर केसांच्या चार किलोमीटर लांबीच्या दोरांनी टांगलेले आहेत. दक्षिणेत देवळांत लोक केस वाहतात. लांब केस विगांसाठी विकले जातात, आखूड केसांचे दोर वळतात आणि दृष्ट लागू नये म्हणून ड्रायव्हर ते बंपरला बांधतात. म्हणजे केस आणि बंपर यांची गाठ रस्त्यावर आधीच पडलेली होती. गौडांनी फक्त वजनांची उलटापालट केली: बंपरला बांधायचा दोर आता बंपरलाच पेलून धरतो. मला हे काम हेवा वाटावा इतकं आवडतं. पण ते पाहून उद्या तुम्ही केस गोळा करायला निघालात, तर पुन्हा चहाचं पाणीच उकळाल.

काम टिकणार का, ही काळजी पालकांच्या चेहऱ्यावर दिसते आहे. चित्रकार नलिनी मलानी यांनी 1992 मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत ‘सिटी ऑफ डिझायर्स’ थेट भिंतींवर काढलं आणि प्रदर्शन संपल्यावर ते पुसलं गेलं. तरी आज मी इथे त्याचं नाव घेते आहे. माझ्या फळ्या तर भाड्याच्या असतात. प्रदर्शन उतरलं की ठेकेदाराकडे परत जातात आणि कुठल्या तरी स्लॅबखाली लागतात. उशीर झाला की तो दिवसाचं भाडं लावतो, तिथे कलेला सवलत नाही.

बाकी शहाणपण थोडंच आहे. दालनाच्या दाराची रुंदी आधी मोजा. वेल्डरचे पैसे उद्घाटनाआधी द्या आणि त्याचं नाव पाटीवर तुमच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत लिहा. आणि कार्यशाळेमागे मोडक्या बाकांचा ढीग पडला आहे. कुलसचिवांना मी विचारलं आहे. सोमवारी भंगारवाला यायच्या आत हवं ते उचला.