सराव सामन्यांची उगवणशक्ती

जूनच्या पहिल्या आठवड्यात चिखली, मेहकर, लोणार अशा घाटावरच्या तालुक्यांत कुणाही शेतकऱ्याच्या घरी जा. ओसरीच्या कोपऱ्यात ओल्या गोणपाटाची एक गुंडाळी दिसेल. तिच्यात सोयाबीनचे 100 दाणे असतात, दहा-दहाच्या ओळीत मांडलेले. गोणपाट ओलं राहील इतकं पाणी शिंपडत राहायचं, पाच-सात दिवसांनी गुंडाळी उलगडायची आणि कोंब मोजायचे. 70 किंवा त्याहून जास्त निघाले, तर बियाणं पेरायला चांगलं. थोडे कमी निघाले, तर एकरी बियाणं वाढवायचं. फारच कमी निघाले, तर ते बियाणं बाजूला ठेवायचं.

आज मला बोलायचं आहे फुटबॉलबद्दल, आणि ही गुंडाळी मी मुद्दाम बरोबर आणली आहे.

ऑगस्ट लागला की कॉलेजातली मुलं मला एक प्रश्न विचारतात. हातात मोबाइल, त्यावर डुरंड कपचा सामना, आणि चेहऱ्यावर आनंद. "सर, आपल्या टीमनं पाच गोल मारले. म्हणजे यंदा लीगमध्ये गोलांचा पाऊसच पडणार ना?" प्रश्न साधा वाटतो, पण जगभर फुटबॉलवाले त्यावर डोकं लावतात. हंगामाआधी जे सामने होतात, त्यांत संघानं केलेल्या गोलांवरून हंगामातल्या त्याच्या आक्रमणाचा अंदाज बांधता येतो का?

डुरंड कप ही आशियातली सर्वांत जुनी फुटबॉल स्पर्धा. 1888 साली सिमल्याला सुरू झाली. तिला स्वतःचा मान आहे, सैन्यदलाचे संघ तिच्यात आजही उतरतात. पण अलीकडची काही वर्षं ती इंडियन सुपर लीगच्या आधी होते. त्यामुळे लीगमधले बरेच संघ तिथे आपली जुळवाजुळव करतात. नवा खेळाडू बसतो का, कोण कुणाबरोबर चालतो, हे बघायची ती जागा झाली आहे.

आता दोन गोष्टी सांगतो. एक गोव्याची, एक मुंबईची.

2021 साली एफसी गोवा या संघानं डुरंड कप जिंकला. क्लबचा हा पहिलाच डुरंड. गटातल्या सामन्यात त्यांनी जमशेदपूरला 5-0 असं हरवलं होतं. उपांत्यपूर्व फेरीत दिल्ली एफसीवर आणखी पाच गोल केले. 3 ऑक्टोबरला कोलकात्यात मोहम्मडन स्पोर्टिंगविरुद्ध अंतिम सामना जादा वेळेत गेला आणि कर्णधार एदू बेदियाच्या फ्री किकवर गोव्यानं तो जिंकला. पणजी-मडगावात आनंदाला पारावार नव्हता. नोव्हेंबरात लीग सुरू झाली, तीही गोव्यातच. आणि पहिले तीनही सामने गोवा हरला. त्यातला एक होता जमशेदपूरविरुद्ध, ज्याला दोनच महिन्यांपूर्वी पाच गोलांनी लोळवलं होतं. हंगाम संपला तेव्हा गोवा अकरा संघांत नववा होता, आणि जमशेदपूर 43 गुणांसह पहिला. लीग शील्ड जमशेदपूरनं उचललं.

म्हणजे डुरंडवरून अंदाज बांधणारा माणूस पुरता फसला. पण तो का फसला, ते बघा. जमशेदपूरचा लीगसाठीचा पूर्ण ताफा डुरंडमध्ये उतरलाच नव्हता. जर्सी तीच, नाव तेच, मैदानातली माणसं मात्र बरीचशी वेगळी. ते पाच गोल खरे होते, पण ते ज्या संघावर झाले तो संघ लीगमध्ये दिसलाच नाही. पुढे डिसेंबरात गोव्याचे प्रशिक्षक हुआन फेरांडोही संघ सोडून एटीके मोहन बागानकडे गेले. गोणपाटात एक बियाणं तपासावं आणि वावरात दुसरंच पेरावं, तशी गत झाली.

दुसरी गोष्ट लगेच पुढच्या वर्षाची. 2022 ला मुंबई सिटी एफसी डुरंडमध्ये उतरला. इंडियन नेव्हीवर चार गोल, राजस्थान युनायटेडवर पाच, ईस्ट बंगालकडून 4-3 असा पराभव, चेन्नईयिनवर जादा वेळेत 5-3 असा विजय. अंतिम सामन्यात मात्र बेंगळुरूनं 2-1 असं हरवलं. चषक हुकला. कुणी म्हणालं असतं, हा संघ ऐन वेळी कच खातो. पण गोल मोजा: सात सामन्यांत 20. सामन्याला पावणेतीनहून थोडे जास्त.

मग लीग आली. 20 सामन्यांत मुंबईनं 54 गोल केले, म्हणजे सामन्याला 2.7. डुरंडच्या अगदी जवळ. सलग 18 सामने अपराजित राहून, 46 गुण घेऊन त्यांनी लीग शील्ड जिंकलं. ज्यांनी चषक गमावला त्यांचं आक्रमण डुरंडमध्ये जसं होतं तसंच लीगमध्ये दिसलं, आणि ज्या गोव्यानं आदल्या वर्षी चषक जिंकला होता त्याचं सगळं विस्कटलं. मला यातली सर्वांत बोलकी बाब ही वाटते, की निकालानं दोन्ही वेळा चुकीचं सांगितलं.

मुंबईचा अंदाज बरोबर का आला? प्रशिक्षक डेस बकिंगहॅम आदल्या हंगामापासून तेच होते. लालियानझुआला छांगते, बिपिन सिंग, ग्रेग स्टुअर्ट हे आक्रमणाचे मुख्य मोहरे डुरंडमध्येही खेळले आणि लीगमध्येही. जे बियाणं तपासलं, तेच पेरलं.

पण मुंबईच्याच आकड्यात आणखी एक गोष्ट दडली आहे. डुरंडच्या सात सामन्यांत त्यांच्यावर 12 गोल झाले होते. तसंच चालू राहिलं असतं तर लीगच्या 20 सामन्यांत 34 झाले असते. झाले 21. आक्रमणाचा अंदाज लागला, बचावाचा लागला नाही.

हाच धागा पार अमेरिकेतही सापडतो. तिथलं फुटबॉल वेगळं, हातात चेंडू घेऊन धावण्याचं, पण सराव सामन्यांचा प्रश्न तिथे आपल्यापेक्षा जास्त चघळला जातो. 2008 साली डेट्रॉइट लायन्स या संघानं हंगामाआधीचे चारही सामने जिंकले. स्वतःचे 80 गुण, प्रतिस्पर्ध्यांचे 32. आणि खऱ्या हंगामात ते 16 पैकी 16 सामने हरले. 2017 साली क्लीव्हलँड ब्राउन्सनं अगदी हेच केलं: आधी चारपैकी चार विजय, मग सोळापैकी सोळा पराभव. ही उदाहरणं सांगून लोक म्हणतात, सराव सामन्यांना काडीचाही अर्थ नाही.

मला ते पटत नाही. लायन्सचे आकडे थोडे उसवून बघू. सरावात सामन्यामागे त्यांचे 20 गुण होत होते. हंगामात एकूण 268 झाले, म्हणजे सामन्यामागे 17 च्या आसपास. घसरण आहे, पण आभाळ कोसळलेलं नाही. कोसळला तो बचाव. सरावात सामन्यामागे आठ गुण देणाऱ्या संघानं हंगामात एकूण 517 गुण दिले, म्हणजे सामन्यामागे 32 च्या वर. त्याचं कारणही उघड आहे. तिथे सराव सामन्यांच्या वेळी संघात 90 खेळाडू असतात, त्यातून 53 निवडायचे असतात. बिनीचे खेळाडू थोडा वेळ खेळून बसतात, उरलेला वेळ उमेदवारांचा. शिवाय कुठलाही प्रशिक्षक आपले खास डाव तिथे उघडे करत नाही. त्यामुळे दुबळा बचावही सरावात भक्कम दिसतो, कारण त्याच्यासमोर खरं आक्रमण आलेलंच नसतं.

आपल्या जिल्ह्याला हंगामाआधीच्या भाकिताची ओढ फार जुनी आहे. घाटाखाली, जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला, अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. मधोमध खड्डा, त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्याची घागर, भोवती अठरा प्रकारची धान्यं. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला वाघ कुटुंबातले जाणते ती मांडणी बघून भाकीत सांगतात आणि ते ऐकायला लांबलांबून शेतकरी येतात. त्या गर्दीकडे बघून मला नेहमी गलबलून येतं. पेरणीचा पैसा बहुतेकांचा कर्जाऊ असतो, आणि पुढचे चार महिने कसे जाणार हे कुणीतरी सांगावं असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण मी स्वतः निर्णय घेताना गोणपाटाच्या गुंडाळीवर भिस्त ठेवतो. तिथे खुणेवरून काही ओळखायचं नसतं, खुद्द बियाणंच तपासलेलं असतं.

आणि ही गुंडाळीसुद्धा एका मर्यादेपर्यंतच बोलते. शंभरातले 80 दाणे उगवले म्हणून एकरी झडती किती लागेल, हे ती सांगत नाही. ते पावसाच्या खंडावर, खोडमाशीवर, शेंगा भरताना रानात असलेल्या ओलीवर ठरतं. सराव सामन्यांचंही मला तसंच दिसतं. आक्रमणात जीव आहे की नाही, एवढं त्यांतून कळतं. हंगामाअखेर गोल किती होतील, ते कळत नाही. मधे दुखापती आहेत, प्रवास आहे, प्रशिक्षकाची बदली आहे.

मग उगवण नेमकी कशावरून बघायची? गोलांच्या आकड्यावरून कमी, संधींवरून जास्त. फुटबॉलमध्ये गोल मुळात कमी होतात. सात सामन्यांत दोन चेंडू खांबाला लागून बाहेरऐवजी आत गेले, तर सरासरी लगेच बदलते. गोलवर मारलेले फटके मात्र सामन्याला दहा-पंधरा असतात, त्यांच्यात नशिबाचा वाटा कमी. संघ दर सामन्यात तशाच प्रकारे, त्याच खेळाडूंच्या जोडीतून गोलपाशी पोचत असेल, तर ती खूण टिकणारी असते. 2024 च्या डुरंड अंतिम सामन्यात नॉर्थईस्ट युनायटेड मोहन बागानविरुद्ध दोन गोलांनी मागे होता. त्यांनी बरोबरी साधली आणि पेनल्टीवर चषक जिंकला. त्या दिवशी गोल करणारा मोरोक्कोचा अलाएद्दीन अजाराई पुढे लीगमध्ये 23 गोल करून गेला, एका हंगामातला तो विक्रम ठरला. डुरंडमध्ये दिसलेली खूण लीगमध्येही टिकली.

आणखी एक गोष्ट आपल्याला महसूल खात्याकडून शिकता येईल. खरिपाची पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, ते एकदाच काढत नाहीत. आपल्या विभागात सप्टेंबरअखेर नजरअंदाज पैसेवारी, ऑक्टोबरअखेर सुधारित, डिसेंबरअखेर अंतिम. पहिल्या आकड्यावर सारं संपलं असतं, तर परतीच्या पावसानं भिजलेल्या सोयाबीनचा हिशेब कुठेच लागला नसता. डुरंडचा आकडा ही नजरअंदाज पैसेवारी समजावी. लीगचे पाच-सहा सामने झाले की तो सुधारून घ्यावा, आणि निम्मा हंगाम गेल्यावर तो वहीत ठेवण्याचंही कारण उरत नाही. खऱ्या सामन्यांतले फटके समोर असताना ऑगस्टमधल्या पाच गोलांना धरून बसू नये.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी एक काम देतो, तेच तुम्हालाही सुचवतो. पुढच्या डुरंडचा सामना बघाल तेव्हा दोन्ही संघांच्या अकरा जणांची यादी कागदावर उतरवून ठेवा. लीगचा पहिला सामना होईल त्या दिवशी तो कागद काढा आणि त्यातली किती नावं मैदानात आहेत ते मोजा. आठ-नऊ जुळली, तर ऑगस्टमधले गोल हिशेबात धरा. चार-पाचच जुळली, तर तो कागद फाडून टाका आणि नव्या कागदावर पहिल्या सामन्यापासून मोजायला लागा.