वैद्यकीय शिक्षणाचे पहिले वर्ष



एम.बी.बी.एस.ला प्रवेश मिळाला की घरोघरी मिठाई वाटली जाते. पण पुढे काय शिकावे लागते, हे आपणांपैकी किती जणांस ठाऊक आहे? पहिल्या वर्षीचे मुख्य विषय तीन: शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र व जीवरसायनशास्त्र. प्रौढ माणसाची २०६ हाडे, स्नायू, नसा हे सारे मृतदेहाच्या विच्छेदनातून शिकायचे. तो देह हाच पहिला गुरू; त्याचा आदर राखण्याची शपथ अनेक महाविद्यालयांत घेतली जाते.

माझा एक विद्यार्थी, मराठी माध्यमाचा, तीन महिन्यांतच घरी परतला. "सर, शब्दच कळत नाहीत," म्हणाला. वडील संतापले. मी त्याला वही करावयास सांगितले: रोज दहा शब्द, अर्थासह. 'ऑस्टिओ' म्हणजे हाड, 'मायो' म्हणजे स्नायू एवढे उमगले, की पुढचे कित्येक शब्द आपोआप उलगडतात. तो परत गेला आणि उत्तीर्ण झाला.

पालकहो, त्या वर्षी मुलामुलींना आधी गुण विचारू नका, धीर द्या. आणि विद्यार्थ्यांनो, ती वही आठवीपासूनच सुरू करा.